ज्याची चूल, त्याचा दोर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. उडत्या कॅमेऱ्याने वरून घेतलेली. वाळूची चिंचोळी पट्टी, छप्परं उडालेली घरं, एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडणारं पाणी, आणि मागे कोणीतरी जीव ओतून बासरी वाजवतंय. खाली लोकांनी रडके चेहरे टाकले होते. "किती सुंदर गाव होतं ना गं, मावशी," भाची म्हणाली. मी म्हटलं, "तुला तिथून एकदा कंबरभर चिखलातून बाळंतीण काढायला लावली असती, म्हणजे कळलं असतं किती सुंदर ते."

ते गाव म्हणजे रेवाळी. अर्नाळ्याच्या उत्तरेला, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूची एक जीभ होती, तिच्यावर वसलेलं. आता शोधायला जाऊ नका, भरतीला त्यातलं अर्धंअधिक दिसतही नाही. मी त्या गावाची सरकारी नर्स होते. राहायला नंदाखालला, केळीच्या वाडीत. नोकरी उपकेंद्रात, आणि उपकेंद्राच्या गावांच्या यादीत सगळ्यात शेवटी रेवाळी. नव्या नर्सला ते गाव द्यायचं आणि ती बदलीसाठी कधी अर्ज करते याची वाट बघायची, अशी आमच्या खात्याची रीत होती. मी अर्ज केला नाही. आधी आळसाने, मग हट्टाने, आणि पुढे पुढे माणसांचा लळा लागला म्हणून. रेवाळीत मला 'शिष्टरबाय' म्हणायचे.

या अंकाच्या संपादकांनी 'हरवलेल्या गावाच्या आठवणी' मागितल्या तेव्हाच मी बजावलं होतं, हळहळ हवी असेल तर दुसरं कोणीतरी बघा. रेवाळी उठली त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. संपादक म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते आहे.

नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. सुया टोचणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम घराघरांत जाऊन चहा पिण्याचं असतं. चहा पिता पिता कळतं, कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या पायावर सूज आहे, कोणाच्या गोळ्या मोरीच्या कोपऱ्यात तशाच पडून आहेत. रेवाळीत याशिवाय आणखी एक काम होतं, पाणी बघणं. होडी जायची ती भरती अर्धी वर आली की. ओहोटीला खाडीत नुसता चिखल, पाय घातला तर मांडीपर्यंत आत. मी रविवारी मिसा न चुकवणारी बाई, पण तिथी मला तोंडपाठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे पाणी कमी चढतं, आज दशमी म्हणजे पाणी किती वाजता चढेल हे मी झोपेतही सांगेन. आमच्या फादरनी एकदा मला एकादशी कधी आहे ते सांगताना ऐकलं आणि क्रुसाची खूण करून पुढे गेले.

रेवाळीत मुळात गाव नव्हतंच. आठ महिने मासे वाळवायला लोक तिथे झोपड्या बांधायचे आणि पावसाळ्यात मागे फिरायचे. मग कोणीतरी वाळूत खणलं आणि गोडं पाणी लागलं. खाऱ्या पाण्याने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या जागी गोडी विहीर म्हणजे देवाचीच चिठ्ठी, असं जुनी माणसं सांगायची. लोक राहिले. एका टोकाला क्रूस उभा राहिला, दुसऱ्या टोकाला एकवीरेची घुमटी. होड्यांना इंजिनं आली, घरांना विटा आल्या, चौथीपर्यंत शाळा आली, खांबांवरून वीज आली. रेवाळीचा बोंबील विरारच्या बाजारात नाव सांगून विकला जायचा. मी नोकरीला लागले तेव्हा त्या गावात मुलगी द्यायला लोक उत्सुक असायचे. नव्या सुनेच्या अंगावरचं सोनं बघून मी, नंदाखालच्या बागायतदाराची सून, माझं मंगळसूत्र पदराआड सरकवायची.

आजारी माणूस बाहेर काढायचा तो दारावरून. स्ट्रेचर चिखलात रुतायचं. दार मात्र रुंद असतं, चिखलावर तरंगतं, चार जण बाजूने धरून सरकवत नेतात. पण ऐनवेळी दार चौकटीतून निघायचं नाही. बिजागरी गंजलेली, स्क्रू जाम. म्हणून कोणी घर बांधायला काढलं की मी जाऊन बसायची आणि सांगायची, दार वर उचलून निघेल असं बसवा. सुतार वैतागायचे. पास्कू नावाचा एक म्हातारा होता, तो सगळ्यात जास्त वैतागला, कारण त्याने हौसेने सागाचं दार केलं होतं. "शिष्टरबाय, माज्या दारावर मेलेला मानूस नाय नेयाचा, जिता असंल तं नेवा," असं त्याने ठणकावलं. पुढे त्याच्या त्या दारावरून निदान दहा बायका बाळंतपणाला गेल्या आणि तो प्रत्येक वेळी बाहेर उभा राहून, दाराला ओरखडा पडला का, हे आधी बघायचा. गंमत म्हणजे त्याला स्वतःला सुईची भयंकर भीती. इंजेक्शन घ्यायला यायचा आणि मी भरेपर्यंत पसार झालेला असायचा. तो त्याच्या खाटेवर, झोपेतच गेला. त्याची बायको आग्नेस पुढे या गोष्टीत येणार आहे.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. गावात धर्मातात्या म्हणून एक तांडेल होते. त्यांची बोट गावातली सगळ्यात मोठी, आणि दर्यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची मुलगी सुमती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण घरीच झालं, चांगलं झालं, मुलगा झाला. मग रक्त थांबेना. मी तिथेच होते. माझ्याकडे जे होतं ते सगळं दिलं. पण तिला रक्त चढवायला हवं होतं आणि रक्त खाडीच्या पलीकडे होतं. ओहोटी पूर्ण लागलेली. पास्कूचं दार काढलं, तिला ठेवलं, सगळा गाव चिखलात उतरला. अर्ध्या वाटेत ती गेली. तात्या दाराच्या डोक्याकडच्या बाजूला होते. त्यांनी दार सोडलं नाही, पलीकडे नेऊनच ठेवलं. बाळ वाचलं, तिच्या सासरी वाढलं. पण त्या दिवसापासून मी त्या गावाची वैरीण झाले. चहा पीत होते, लस देत होते, बारशाला जात होते, आणि मनात एकच. हे गाव उठायला हवं.

गाव उठवायला मी पुरी पडले नसते. समुद्रानेच मनावर घेतलं. वाळू दर पावसाळ्यात थोडी थोडी जायला लागली. आधी मासे वाळवायची जागा गेली, मग क्रुसाचा चौथरा, मग पहिली रांग. तरी लोक राहिले असते, पण विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि पुढच्या वर्षी खारं. पाणी होडीने आणायची वेळ आली तेव्हा बायकांनी आधी तोंड उघडलं. शाळेत मुलं उरली नाहीत, शाळा बंद झाली. मुली द्यायलाही कोणी तयार होईना. एकेक घर बोळिंजला, अर्नाळ्याला, कोणी थेट नालासोपाऱ्याला गेलं. जाताना प्रत्येक जण मान खाली घालून जायचा, जणू काही चोरी केली आहे. आणि महिन्याभराने मला रस्त्यात भेटला की चेहऱ्यावर तजेला. "नळाला पानी येते, शिष्टरबाय," असं आधी सांगायचे आणि मग आठवून उसासा टाकायचे. मला तो उसासा कधी खरा वाटला नाही.

शेवटी एकच घर उरलं, धर्मातात्यांचं. ते, त्यांची बायको हिरूबाय, मुलगा जयेश आणि सून मनीषा. मनीषाला दिवस गेले होते. तिची आई नव्हती, भावाच्या एका खोलीत सहा माणसं, त्यामुळे माहेरी जायची सोय नाही. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष, आणि रेवाळीत माझी ती एकच पेशंट. तिच्या एकटीसाठी मी होडी करून जायची. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब चढायला लागला, पाय सुजले. गरोदरपणात रक्तदाब असा चढला की बाईला कधीही झटके येऊ शकतात, आणि मग आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. मी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, हिला आता पलीकडेच राहू दे.

मनीषा म्हणाली, आईंना सोडून कशी जाऊ. हिरूबाय म्हणाली, यांना सोडून कशी जाऊ. तात्या म्हणाले, बोट सोडून कसा जाऊ. सगळं येऊन त्या बोटीशी अडलं.

बोटीचं असं असतं. पावसाळ्याआधी बोट वाळूवर ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर उधाणाच्या भरतीला पुन्हा पाण्यात लोटतात. एवढी बोट दोन-चार माणसांनी हलत नाही. खाली ओंडके टाकायचे, नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधून काही जणांनी पाण्यात उतरून ओढायचं, बाकीच्यांनी मागून खांदा द्यायचा. त्याला गाव लागतं. आणि रेवाळीचा कायदा होता, ज्याची चूल, त्याचा दोर. गावात ज्याची चूल पेटते त्यानेच दोराला हात लावायचा, आणि पहिल्या मासळीत वाटा त्यालाच. पैसे देऊन आणलेला माणूस चालत नाही, पाहुणा चालत नाही, गाव सोडून गेलेला तर अजिबात नाही. हा कायदा जुन्यांनी शहाणपणाने केला होता. लोक गाव सोडून जाऊ नयेत म्हणून. आता त्याच कायद्याने शेवटच्या घराला बांधून ठेवलं होतं. आदल्या वर्षी सात-आठ घरं होती तेव्हा बोट कशीबशी वर आली, ती तेव्हापासून वाळूवरच होती. आता एका चुलीवर ती खाली कशी जाणार?

जयेशने सुचवलं, अर्नाळ्याची पोरं आणू, तासाभराचं काम. तात्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. जयेश म्हणाला, मग मोडीत काढू. त्यावर तात्या दोन दिवस जेवले नाहीत.

मी त्यांच्याशी भांडले. मी लोकांशी भांडते, हा माझा स्वभावच आहे, आणि सरकारी नोकरीत त्याचा उपयोग होतो. "तात्या, एक मुलगी चिखलात गेली, आता सूनही घालवणार काय?" असं मी तोंडावर बोलले. हिरूबायने तोंडाला पदर लावला. तात्या म्हणाले, "बाय, तुमी बोलता ते बराबर हाय. पन बोट वाळूत टाकून तांडेल निघाला, असं या दर्यावर कोनी केलेलं नाय." त्यात उर्मटपणा नव्हता, नाहीतर मला आणखी भांडता आलं असतं.

परत येताना मी बोळिंजला आग्नेसकडे गेले. पास्कूची बायको आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायची. मी रागारागाने सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूल नाय म्हनून दोर नाय. मंग चूल पेटवूया ना. पेटवायला कोनी मनाई केलीय?"

मी म्हटलं, "घरं पडलीत, आग्नेसबाय."

"घर पडलं, चुलीची जागा कुटं गेली?"

रेवाळीकरांचा मोबाइलवर एक गट होता. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि येशूची-गणपतीची चित्रं एकापाठोपाठ यायची. आग्नेसच्या नातवाने त्यावर निरोप टाकला. अमावास्येच्या उधाणाला यायचं, लाकडं बरोबर आणायची, चहाचं सामान आणायचं. मला वाटलं, पाच-सहा घरं येतील. अमावास्येला सकाळी भरती अर्धी चढली तशी अर्नाळ्याच्या बंदरावर आणलेल्या तीन होड्याही कमी पडल्या. कोणी सुट्टी टाकून आलेलं, कोणी रिक्षा बाजूला लावून. एक जण कंपनीच्या गणवेशात होता. पाऊस भुरभुर पडतच होता.

पुढचे दोन-तीन तास जे चाललं त्याला तोड नाही. ज्याने त्याने आपलं घर शोधलं. कोणाच्या घराला भिंती होत्या, कोणाला नुसता उंबरठा. ओली लाकडं पेटेनात. रॉकेल होतं ते एकाकडे, तो गावभर भाव खात फिरला. एकाने छोटा गॅस आणला होता, तर त्याच्यावरून वाद सुरू झाला, गॅस ही चूल धरायची की नाही. शेवटी प्रकरण तात्यांकडे गेलं. ते सकाळपासून बोटीजवळ उभे होते. सगळे आलेले बघून त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तिकडे बघायचं टाळलं. ते म्हणाले, "ज्याच्यावर भात शिजते ती चूल." गॅसवाला छाती काढून परतला.

एका बाईचं स्वयंपाकघर पाण्यात होतं. घोटाभर पाण्यात तिने एक पालथं घमेलं ठेवलं, त्यावर विटा, आणि तिथे उभ्याउभ्या चहा केला. कारण नुसती चूल पेटवून भागत नाही, रिकामी चूल पेटवणं अशुभ. त्यावर काहीतरी शिजलं पाहिजे आणि दुसऱ्या घरच्या माणसाने ते घेतलं पाहिजे. दुसऱ्या घरचं माणूस म्हणजे बहुतेक मीच. मी त्या दिवशी इतका चहा प्यायले की पुढे आठवडाभर चहाचं नाव काढवत नव्हतं. पण रेवाळीत पुन्हा घराघरांतून धूर निघत होता, आणि लोक हसत होते, ओरडत होते, जुनी भांडणं उकरून काढत होते. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

बारा वाजायला आले तशी मी मनीषाला बघायला गेले. ती पडवीत बसली होती, कपाळ धरून. म्हणाली, "डोकं ठनकतंय. डोळ्यासमोर चमकतंय काहीतरी." मी पट्टा बांधून रक्तदाब घेतला. आकडा बघून पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. तोच आकडा. झटके येण्याआधी नेमकं हेच होतं, डोकं दुखतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. माझ्या बॅगेत मॅग्नेशियमचं इंजेक्शन होतं, ते तिला दिलं. ते काही वेळ धरून ठेवतं, बरं करत नाही. रुग्णवाहिकेला फोन लावून अर्नाळ्याच्या बंदरावर बोलावली. साध्या होडीने खाडीतून जायचं तर दीड तास आणि वर रस्ता. तात्यांच्या बोटीने समुद्रातून गेलं तर अर्ध्याहून कमी. पण बोट वाळूवर होती, आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

मी धावत गेले आणि तात्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सुमतीसारखं?" मी म्हटलं, "तसं नाही. पण तेवढंच वाईट."

ओंडके टाकलेले होते. माणसं दोराला लागली, खांदे लागले. जयेशने आवाज दिला आणि सगळ्यांनी एकदम जोर केला. बोट हलली नाही. पुन्हा जोर केला. थोडी कुरकुरली आणि बसली. वर्षभर एका जागी राहून वाळूत रुतली होती, आणि आलेल्यांतले निम्मे साठीच्या पुढचे. पाणी नाळेखाली येऊन टेकलं होतं, आणखी वर चढणार नव्हतं. मी छत्री फेकली आणि दोराला हात घातला.

"बाय, नको." तात्यांचा हात माझ्या हातावर पडला. "तुमची चूल नाय इथं."

त्या क्षणी त्या माणसाला ढकलून द्यावं असं मला वाटलं. सून पडवीत झटक्याच्या काठावर आणि हा मला चूल विचारतो. पण मी काही बोलायच्या आत मागून हिरूबाय आली. तीस वर्षांत मी तिला नवऱ्यासमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "काचेच्या सुया होत्या तवा ही बाय सगळ्या गावाच्या सुया कोनच्या चुलीवर उकळवायची? माज्या. भाताचं आदन उतरवून मी तिला चूल देयाची. माज्या चुलीत तिचा वाटा हाय. धरा बाय दोर."

तात्यांनी हात काढला. मी दोर धरला. हिरूबायनेही धरला, आणि तिच्यामागे आग्नेसने, जी आतापर्यंत वयामुळे बाजूला उभी होती. बायका दोराला हात लावत नाहीत, असाही एक कायदा होता म्हणे. तो त्या वेळी कोणाला आठवला नाही. सगळ्या बायका आल्या. जयेशने आवाज दिला. दोराने तळहाताची साल निघाली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा एवढंच कळलं की दोर माझ्या हातात पुढे सरकतो आहे. बोट सरकली, थांबली, आणि मग इतकी झपकन गेली की पुढचे सगळे पाण्यात आडवे झाले, मी धरून.

मनीषाला दारावरून आणली. डाव्या कुशीवर झोपवली, डोकं हिरूबायच्या मांडीवर. तात्यांनी सुकाणू धरलं, जयेशने इंजिन लावलं. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते, तरी एकदा मागे बघितलं. काठावर सगळा गाव उभा होता, आणि मागे चुलींचा धूर. असा धूर तिथे कित्येक वर्षांत निघाला नव्हता. नंतर आग्नेसने सांगितलं, बोट दिसेनाशी झाल्यावर प्रत्येकाने आपापली चूल समुद्राच्या पाण्याने विझवली आणि ओहोटीने खाडी रिकामी व्हायच्या आत सगळे होड्यांत बसले. रडलं कोणी नाही. घाई होती.

बंदरावर गाडी उभी होती. दवाखान्यात पोचलो, तिला सरळ आत नेलं. डॉक्टर तरुण होती. तिने कागद बघितले, मला विचारलं, इंजेक्शन कधी दिलं, आणि मान हलवून आत गेली. मी ओल्या साडीने बाकावर बसले. हिरूबाय जप करत होती. जयेश येरझाऱ्या घालत होता. तात्या बाकावर बसले नाहीत, भिंतीला टेकून खाली बसले.

संध्याकाळी सांगायला आले. मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, वजन कमी आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवू. आईला झटका आला नाही. दोघी सुखरूप. हिरूबाय तिथेच रडायला लागली, जयेश जिन्याकडे गेला. बाळंतपणं मी शेकड्यांनी बघितली, पण ते ऐकून जेवढं हलकं वाटलं तेवढं माझ्या स्वतःच्या मुलांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

तात्या मात्र तसेच बसून होते. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. ते म्हणाले, "बाय, केवढ्या लवकर आलो आपन."

"बोट चांगली आहे तुमची," मी म्हटलं.

"तसं नाय. सुमती गेली तवाच गाव सोडायला होवं. मला तवाच समजलं होतं. पन मी निघालो असतो, इथं येऊन ऱ्हायलो असतो, तं रोज दिसलं असतं, दवाखाना एवढा जवळ हाय. आदीच आलो असतो तं पोर जिती असती. ते बघायाचं नव्हतं मला. म्हनून बोट, म्हनून दोर. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचा जीव गावात अडकलाय."

आयुष्यभर लोकांना खोटा धीर देण्याचा पगार घेतला. त्या वेळी मात्र खरं होतं ते बोलले. "तात्या, तेव्हा विहिरीला गोडं पाणी होतं, सोन्यासारखा बोंबील होता. गाव सोडा म्हणून मी सांगितलं असतं तर मलाच खाडीत टाकलं असतं तुम्ही. तेव्हा कोण निघालं असतं?"

त्यांनी विचार केला. मला वाटतं, खरोखरच एकेक घर आठवून बघितलं. मग म्हणाले, "कोनी नाय." आणि डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. पुसून झाल्यावर त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलेल्या हमालासारखे दिसत होते.

"तुमी सकाळपासून काय खाल्लं नाय," ते म्हणाले. मी म्हटलं, चहाच चहा प्यायलेय. ते म्हणाले, हिरूने नाय घेतला, तिला हवा. चहा इथं कुठं मिळंल?

मी खिडकीतून दाखवलं. फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडला की टपरी. त्यांनी सवयीने आधी आभाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, "आता पानी किती असंल?" असं विचारायच्या बेतात. विचारलं नाही. जिना उतरून गेले. रस्ता ओलांडताना मला दिसले, दोन्हीकडे बघून, जपून, पाहुण्यासारखे. हिरूबाय डोळे पुसून माझ्याजवळ येऊन बसते न बसते, तोवर ते परत आले. हातात पेले, आणि पेल्यांतून अजून वाफ निघत होती.